असं का होतं? : षटकार सुरू होतो पायात

उत्तुंग षटकार पाहिला की आपण फलंदाजाच्या दंडाकडे बघतो. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेची फटकेबाजी स्लो मोशनमध्ये पाहताना मात्र नजर कमरेवर ठेवा. ऑक्टोबर 2025 मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने 34 चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-20मधला तो विश्वविक्रम! क्रिकेटकडे वळण्याआधी ती भाला आणि गोळा फेकायची, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

भालाफेक आणि षटकार, दोन्हींत जोराचा प्रवास सारखाच. आधी पाय जमीन रेटतात. मग कंबर वळते, पण खांदे आणि बॅट अजून मागेच असतात. त्यामुळे पोटापाठीचे स्नायू ताणले जातात. पुढचा पाय घट्ट रोवला की कंबर थबकते आणि तिचा वेग खांद्यांना, तिथून हातांना, शेवटी बॅटला मिळतो. ज्वारीच्या शेतातल्या मचाणावरून गोफण मारणारा हेच करतो: हात अडतो, दगड सुटतो.

बॅट-चेंडूची गाठ सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरती. ती नव्हे, तर तिच्याआधीची हालचाल पाहण्यासाठी विश्लेषक सेकंदाला 240 चित्रं टिपणारा कॅमेरा लावतात (हल्ली बऱ्याच मोबाइलमध्येही ही सोय असते), मुठीवरच्या सेन्सरने बॅटचा वेग मोजतात आणि आधी काय वळलं ते तपासतात. कंबर-खांदे एकदमच वळत असतील, तर जिममध्ये वजनं वाढवण्याआधी तो क्रम सुधारावा लागतो.