ध्वनिसंस्कारकाची प्रतिष्ठापना

एफएम केंद्रातून निघालेला आवाज आकाशमार्गी होण्यापूर्वी ज्या शेवटच्या नाक्यावरून जातो, तेथे ध्वनिसंस्कारक नावाची एक सपाट पेटी बसवलेली असते; निवेदकाचा हळुवार स्वर, तबल्याची थाप आणि जाहिरातीचा गलबला या सर्वांना एका मापात आणून प्रक्षेपकाच्या स्वाधीन करणे, ही तिची कामगिरी. श्रोत्याला तिचे नावही ठाऊक नसते. पण त्याच्या कानाला केंद्र जसे भासते, ते पुष्कळ अंशी तिच्यामुळेच.

एफएमला एक कायदेशीर सरहद्द आहे : वाहक लहरीची वारंवारता आपल्या जागेपासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपलीकडे ढळता कामा नये. पूर्वी हा बंदोबस्त आवाजाची शिखरे दाबणारा लिमिटर करी. परंतु त्याच्या पुढे स्टीरिओ जनित्रातील १५ किलोहर्ट्झची चाळणी असे, आणि लिमिटरने दाबलेली शिखरे त्या चाळणीतून जाताना पुन्हा उसळत, म्हणून अभियंत्यांना सगळाच आवाज खालच्या पातळीवर ठेवावा लागे. रॉबर्ट ऑर्बन यांनी १९७५ साली ऑप्टिमॉड-एफएम ८००० या यंत्रात लिमिटर, चाळणी आणि स्टीरिओ जनित्र यांची एकत्र रचना केली, आणि हा जुना तंटा मिटला. आजच्या अंकीय पेट्या याच कल्पनेच्या वंशज होत.

परंतु उत्तम पेटी विकत घेतली म्हणजे उत्तम ध्वनी मिळाला असे नव्हे. तिचे खरे दैव प्रतिष्ठापनेच्या दिवशी ठरते. पहिला प्रश्न प्री-एम्फसिसचा. एफएममध्ये खरखर उच्च स्वरांच्या प्रदेशात अधिक असते. म्हणून ते स्वर प्रक्षेपणापूर्वी वाढवावेत आणि श्रोत्याच्या रेडिओने तितकेच उतरवावेत, असा उभयपक्षी करार आहे. भारतात व युरोपात त्याचे माप ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. १५ किलोहर्ट्झवर ही वाढ अनुक्रमे सुमारे १४ आणि १७ डेसिबल होते. अमेरिकी मापावर ठेवलेली पेटी आपल्याकडे तशीच चालू केली, तर आवाज कर्कश होतो. आणि डावा-उजवा ध्वनी प्रक्षेपकाला वेगवेगळा दिला असताना पेटी व प्रक्षेपक या दोघांनीही ही वाढ केली, तर निवेदकाचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ सरहद्द ओलांडतो. ही मुखत्यारी एकाकडेच असली पाहिजे.

दुसरी चूक दोन तारांच्या अदलाबदलीची. एका बाजूची जोडणी उलटी झाली, तर स्टीरिओ संचावर ध्वनी विस्कळित वाटतो एवढेच. पण एकाच कर्ण्याच्या साध्या रेडिओत डावे-उजवे एकत्र मिळताच मधोमध उभी असलेली गायिका जवळजवळ नाहीशी होते आणि साथ तेवढी उरते. गावोगाव असेच संच ऐकले जातात, म्हणून एका कर्ण्यावर ऐकून पाहिल्यावाचून कोणी जोडणी मंजूर करू नये.

यानंतर पेटीत येणारा ध्वनी नेहमीच्या कार्यक्रमावर बेताचा राहील असा जुळवावा, स्टीरिओचा १९ किलोहर्ट्झचा सूचक स्वर एकूण मर्यादेच्या ८ ते १० टक्क्यांत ठेवावा, आणि वारंवारतेचा ढळ मोजणाऱ्या मॉड्युलेशन मॉनिटरवर शिखरे तपासावीत. अंकीय संस्काराला काही मिलिसेकंद लागतात. तो उशिरा येणारा आवाज हेडफोनमध्ये पडला, तर निवेदक स्वतःच्याच शब्दांत अडखळतो, तेव्हा त्याच्यासाठी निराळी, विनाविलंब वाट ठेवावी लागते.

मगच कानाची पाळी. पेटीत आधीच भरलेल्या तयार ठेवणींपैकी (प्रीसेट) सर्वांत मोठ्या आवाजाची ठेवण निवडण्याचा मोह मला घातक वाटतो. ती पाच मिनिटे प्रभावी भासते. पण उसंतीला आणि कुजबुजीला तीत जागा उरत नाही, आणि तासाभरात श्रोता थकून काटा फिरवतो. भाषण, भजन, वाद्यवृंद आणि जाहिरात, सारे निरनिराळ्या वेळी घरच्या साध्या रेडिओवर ऐकावे, आणि एका वेळी एकच बदल करावा.

२००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली; त्यांतील पुष्कळांकडे कायम अभियंता नसतो. अशा केंद्रांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की अखेरच्या मांडणीतील प्रत्येक आकडा तारखेसह कागदावर उतरवावा आणि एक प्रत पेटीजवळ, दुसरी दप्तरात ठेवावी. पुढे कधी कोणी बटण फिरवलेच, तर मूळ ध्वनीकडे परतण्याचा तोच एक दाखला असतो.