चढाईचे पहिले सहा दिवस



मागचे दोन भाग ऐकून जे प्रश्न आले, त्यांत एक वाक्य निरनिराळ्या गावांहून जवळजवळ त्याच शब्दांत आलं. इंदूरहून आलं, बेळगावहून आलं, हैदराबादहून आलं. "मॅडम, तसं मोठं काही घडलेलं नाही, पण हल्ली झेपत नाही." लिहिणाऱ्या सगळ्या पंचेचाळीस ते बावन्नच्या दरम्यानच्या. त्यातलं 'मोठं काही घडलेलं नाही' मला पटत नाही. मोठंच घडतंय, फक्त ते आत घडतंय आणि सावकाश घडतंय, म्हणून दिसत नाही.

हे समजावून सांगायला मी तुम्हाला आधी लेहला नेते. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला काही काळ लडाखच्या सैनिकी रुग्णालयात काढला. लेह साधारण ११,५०० फुटांवर. तिथे विमानातून उतरणारा जवान धडधाकट असतो, सातारा-कोल्हापूरकडचा गडी, खाली दहा किलोमीटर सहज पळणारा. पण उतरल्यावर त्याला कोणी पळायला सांगत नाही. ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यासाठी सैन्याने सहा दिवस ठरवून दिलेत. पहिले दोन दिवस विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालणं. पाचव्या-सहाव्या दिवशी जास्त चाल आणि थोडी चढण. १५,००० फुटांपर्यंत जायचं तर आणखी चार दिवस, त्याच्याही वर जायचं तर अजून चार. अंगात कितीही रग असली तरी यातून सुटका नाही. तिथे हवा विरळ असते. श्वासाची गती, रक्तातला तोल, तांबड्या पेशी हे सगळं शरीराला नव्याने बसवावं लागतं. तो वेळ दिला नाही तर फुप्फुसांत पाणी भरू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते आणि तरणाताठा माणूस एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आता घरी परत या. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या जवळ. पण पाळी एका दिवसात जात नाही. त्याआधीची काही वर्षं शरीर चढावर असतं. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन सरळ रेषेत उतरत नाही, या महिन्यात भरपूर तर पुढच्या महिन्यात तळाला. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन हललं की ते फार हळवं होतं आणि जराशा उष्म्यालाही घाम फोडतं. मग रात्री दोन वाजता गाऊन भिजून जाग येते. पुन्हा झोप लागत नाही. सलग पंधरा दिवस अशी तुटक झोप झाली की कोणीही चिडचिडं होईल, शब्द विसरेल, गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत जाईल. ड्यूटीवर रात्रीमागून रात्र जागलेल्या चांगल्या-चांगल्या अधिकाऱ्यांना मी असं झालेलं पाहिलंय. त्यांना कोणी 'स्वभाव बदलला' म्हणत नाही, 'झोप काढ' म्हणतात.

थोडक्यात, बाई नव्या उंचीवर पोचलेली असते आणि तिचे सहा दिवस कोणी ठरवलेले नसतात. उलट नेमक्या त्याच काळात तिच्या पाठीवरचा पिट्ठू जड होतो. मुलं बारावीत किंवा परगावी, सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, आई गावाकडे एकटी. फौजी घरात आणखी एक भर पडते. जवान-सुभेदार मंडळी लवकर निवृत्त होतात. वीस वर्षं जिने शाळाप्रवेश, बँक, घराचं बांधकाम, म्हाताऱ्यांची आजारपणं एकटीने निभावली, तिच्या घरी एके दिवशी नवरा कायमचा येतो आणि दुसऱ्या सकाळपासून डबे कुठल्या फळीवर असावेत याचे हुकूम सुटू लागतात. (माझे सहकारी हे ऐकत असतील तर ऐकू देत.) तो मुद्दाम त्रास देत नसतो, त्याचीही खुर्ची गेलेली असते. पण तिचा ताण म्हणून खराच असतो.

लेहला आमची खरी लढाई होती लपवालपवीशी. जवान डोकेदुखी सांगत नसे. सांगितली तर खाली पाठवतील, सोबती हसतील, म्हणून गोळी घेऊन गप्प बसे. पहिल्या रात्री डोकं दुखलं म्हणून कोणी मरत नाही. दुखणं लपवून वर चढत राहिला तर धोका वाढतो. म्हणून आम्ही रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचो, झोप लागली का, जेवण गेलं का, डोकं दुखतंय का. उत्तर 'सब ठीक' आलं तरी तोंडाकडे बघायचो.

घरात हे विचारणारं कोणी नाही, आणि लपवण्यात बायका जवानांच्या दोन पावलं पुढे. एका कुटुंब वॉर्डात सत्तेचाळीस वर्षांची बाई आली, जिना चढताना धाप लागते म्हणून. हिमोग्लोबिन साडेसहा. दीड वर्ष प्रचंड रक्तस्राव होत होता. घरात सगळ्या म्हणत, जाताना असंच जातं. तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या, उपचार झाले, बाई ठणठणीत झाली. त्या दीड वर्षात मात्र तिला आळशी, कुरकुरी, 'डोक्यावर परिणाम झालेली' असं सगळं म्हणून झालं होतं.

म्हणून माझा पहिला आग्रह, ताणाला मनाचा म्हणण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब. थायरॉइड मंदावला की थकवा, उदासी, वजन, विसराळूपणा असा अगदी चाळिशीचा वाटणारा गठ्ठाच येतो आणि तो एका गोळीने आटोक्यात येऊ शकतो. छातीत धडधडतं त्याचं कारणही दरवेळी पाळी नसतं. पाळी गेल्यावर बायकांचा हृदयरोगाचा धोका वाढतो, तेव्हा ईसीजी काढून घ्या. वाफा आणि घाम फारच छळत असतील तर हार्मोनचे उपचार आहेत. ते सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं. पण उपचारच नाहीत, सोसायचंच असतं, हे खोटं आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. आपण म्हणतो 'जीव घाबरा होतो', 'अंगातून वाफा निघतात', 'कशात मन लागत नाही'. हे हैदराबादच्या किंवा चेन्नईच्या डॉक्टरला कसं सांगणार? बाई मग एवढंच सांगते, 'थोडी कमजोरी आहे', आणि टॉनिक घेऊन घरी येते. त्यावर उपाय वहीचा. दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहायच्या: किती तास झोप झाली, रात्री किती वेळा घामाने जाग आली, रक्तस्राव किती, दिवसातला सर्वांत वाईट तास कोणता. आकड्यांना भाषा लागत नाही.

आता वाढीबद्दल. 'संकटातून स्त्री अधिक कणखर होते' असली वाक्यं मला आवडत नाहीत. तापाने फणफणलेल्या बाईला 'तू तर शक्ती आहेस' म्हणायचं आणि चहा तिलाच करायला लावायचा, असला तो प्रकार. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात आघातानंतरच्या वाढीचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं की आघात स्वतः माणसाला वाढवत नाही. त्यानंतर माणूस जी झटापट करतो, कोणाशी तरी बोलतो, आयुष्याची नव्याने मांडणी करतो, त्यातून वाढ होऊ शकते. आणि वाढ होत असतानाही दुःख शेजारी बसलेलंच असतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले तेव्हा रमाबाई ३८ वर्षांच्या होत्या. पुण्याचं सेवासदन उभं राहिलं १९०९ मध्ये, आठवणींचं पुस्तक आलं १९१० मध्ये. म्हणजे त्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या. सेवासदनाने मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, त्या अर्थाने रमाबाई माझ्या पेशाच्या आजी लागतात. पण आपण १९०१ वरून थेट १९०९ वर उडी मारतो. मधली आठ वर्षं होती.

आणि सगळ्यांनी संस्था काढावी असं कुठे आहे? सातारा जिल्ह्यातल्या एका सुभेदाराच्या पत्नीचं सांगते. ते निवृत्त झाल्यावर दोघांची रोज खडाजंगी. आमच्याकडे तपासणीला आली तेव्हा तिला भाराची यादी करायला लावली: घरातली कामं कोणती, त्यांतलं मीच करायला हवं असं कोणतं, दुसऱ्याला जमेल असं कोणतं. यादी बत्तीस कामांची झाली. 'मीच' या रकान्यात उरली पाच. आईची औषधं, गॅस, बाजार, वीजबिल सुभेदारसाहेबांकडे गेलं. पहिला महिना भाजी कोमेजलेली आली, तिने चालवून घेतली. सैन्यात मशिनगन दिवसभर एकाच्याच खांद्यावर नसते, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मोकळ्या झालेल्या वेळेत तिने आधी दुपारची झोप काढली, चांगली तीन महिने. मग गावातल्या फौजींच्या विधवांचे पेन्शनचे कागद बघायला लागली. वीस वर्षं कागदपत्रं एकटीने केली होती, ती विद्या हाताशी होतीच. आता नोव्हेंबरात हयातीचा दाखला ऑनलाइन भरायला म्हाताऱ्या तिच्या ओसरीवर येतात. भांडणं अजून होतात, आठवड्यातून एखादं.

मला महत्त्वाचे वाटतात ते झोपेचे तीन महिने. त्यांना कोणी वाढ म्हणणार नाही, पण ते तिचे पहिले सहा दिवस होते.

काही जणींना एवढ्याने भागणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सकाळी उठावंसंच वाटत नसेल, आपण नसलो तर बरं असं मनात येत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि एक राहिलंच, बडोद्याच्या ताईंनी विचारलं होतं. पाळी जाऊन पूर्ण बारा महिने झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी वाट बघू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असू शकते आणि तेव्हाच गाठला तर तो बरा होतो.

पुढच्या भागात हाडांबद्दल बोलू. दोन आठवड्यांची वही भरली असेल तर बसताना जवळ ठेवा.