लिंबूटिंबूचा स्ट्रायकर

मराठी मुलांच्या खेळात ‘लिंबूटिंबू’ हे एक पद पूर्वापार चालत आलेले आहे. धाकट्या भावंडाला पकडापकडी खेळायची तर असते, पण धड पळता येत नाही. मग त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही; मात्र त्याने कुणाला पकडले तर तेही धरले जात नाही. नवख्याला सांभाळावे कसे, या प्रश्नाला चाळीतल्या पोरांनी काढलेला हा तोडगा आहे.

हाच प्रश्न आज मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांपुढे उभा आहे. त्याला जोडून दुसरा येतो : खेळाडूला आपले साधन आपल्या मनाप्रमाणे कितपत बदलू द्यावे? वरवर पाहता हे दोन प्रश्न निराळे वाटतात. पण जुना खेळाडू आपले साधन जितके बळकट करीत जाईल तितका नवख्याचा पहिला दिवस अवघड होणार, हे उघड आहे. तेव्हा प्रश्न एकच. तो समजून घ्यायला आपल्या उपनगरांत घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत चाळीचाळींतून आणि सोसायट्यांतून खेळला जाणारा कॅरम फार उपयोगी पडतो.

स्पर्धेच्या कॅरममध्ये बोर्ड, सोंगट्या, पावडर, वर टांगलेला दिवा, सारे दोघांना सामाईक असते. खेळाडूचे स्वतःचे म्हणावे असे साधन एकच, स्ट्रायकर. तो स्वतःचा आणता येतो. पण व्यास 4.13 सेंटिमीटरहून अधिक नको, वजन 15 ग्रॅमहून अधिक नको, आणि तो धातूचा किंवा हस्तिदंती नको. या मर्यादेच्या आत वाटेल तो निवडावा. कुणाच्या बोटाला हलका मानवतो, कुणाला पुरता 15 ग्रॅमचा.

ही मर्यादा वजनावरच का, हे पाहण्यासारखे आहे. सोंगटीचे वजन 5 ते साडेपाच ग्रॅम. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर 5 ग्रॅमच्या सोंगटीवर सरळ आदळला, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकरपाशी निम्मा वेग उरतो. (टक्कर पूर्ण लवचीक धरली आहे, प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतील.) आता स्ट्रायकर 30 ग्रॅमचा केला, तर सोंगटीचा वेग दीडपटीवरून जेमतेम एक पूर्णांक सात दशांशपट होतो. म्हणजे वजन दुप्पट करूनही एकट्या सोंगटीवर लाभ थोडाच. उलट स्ट्रायकरपाशी सत्तर टक्के वेग उरल्याने तो आवरत नाही, आणि पॉकेट 4.45 सेंटिमीटरचे असल्याने स्वतःच त्यात जाऊन दंड भरायला लावतो! ब्रेकच्या वेळची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा समोर राणीसकट 19 सोंगट्यांचा गठ्ठा असतो आणि जड स्ट्रायकर तो भुईसपाट करील. मर्यादा नसती, तर ज्याच्या घरी पैसा त्याच्या हाती पितळेचा स्ट्रायकर, असा प्रकार झाला असता. आज नवखा हरतो तो समोरच्याच्या बोटामुळे, खिशामुळे नव्हे. बोट सरावाने तयार होते.

क्रिकेटमध्येही हेच घडले. डिसेंबर 1979 मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर बॅटचे पाते लाकडाचेच हवे असे नियमात आले. बॅटची कड 40 मिलिमीटरहून जाड नको, हे ठरायला तर 2017 साल उजाडले. कुणीतरी अति केल्यावाचून कुंपण घालायचे सुचत नाही.

आता मोबाइलवरचा कॅरम घ्या. त्याच्या एका लोकप्रिय प्रकारात स्ट्रायकरलाच निरनिराळे गुण असतात. एकाचा जोर अधिक, दुसऱ्याची नेम दाखवणारी रेघ लांब, तिसऱ्याला विचार करायला वेळ जास्त. हे गुण खेळत राहून वाढवता येतात आणि पैसे मोजले तर लवकर वाढतात. म्हणजे टेबलावर जी गोष्ट कायद्याने बंद केली, तीच येथे विक्रीस ठेवली आहे.

यावर असे उत्तर मिळते की, संगणक तोलामोलाच्याच दोघांना समोरासमोर बसवतो. ही युक्ती बुद्धिबळातली. आर्पाड एलो यांनी बसवलेली गुणांकनाची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली; तीत जिंकलात की गुण वाढतात, हरलात की घटतात. पण मग शंका उरतेच. विकतच्या स्ट्रायकरने चार डाव जिंकले की गुण वाढणार, गुण वाढले की वरचढ प्रतिस्पर्धी येणार, आणि पुन्हा अर्धे डाव हरायचे. मग पैसे कशाचे दिले? काही दिवस नवख्यांना लोळवण्याच्या आनंदाचे, एवढेच ना!

बीजीएमआय या बंदुकीच्या खेळाने या बाबतीत बरा मार्ग काढला आहे. 100 खेळाडू रिकाम्या हाताने उतरतात. बंदूक, दुर्बीण, मूठ, काय ते तिथेच वेचायचे. विकत मिळणाऱ्या पोशाखांनी अंगात बळ येत नाही. पडद्यावरची बटणे हवी तशी हलवता येतात. कुणी दोन अंगठ्यांनी खेळतो, कुणी चार बोटांनी. माझ्या मते हे स्वातंत्र्य 12 की 15 ग्रॅम अशा निवडीच्या जातीचे असून ते असावेच. मात्र भारी फोनवर चित्र अधिक वेगाने सरकते आणि शत्रू आधी टिपता येतो. ज्या घरात एक फोन तिघांत फिरतो, तिथल्या मुलापुढे खिशाचा प्रश्न असा मागच्या दाराने पुन्हा येऊन उभा राहतो.

या खेळात नवख्याला सुरुवातीला माणसांबरोबर संगणकाने चालवलेले बुजगावणेवजा खेळाडूही मिळतात. तो धडाधड टिपतो, खूश होतो, वर चढतो. आणि एके दिवशी खऱ्या माणसांच्या गर्दीत सापडून मिनिटात गारद होतो. कित्येक जण तिथेच खेळ सोडतात. हा लिंबूटिंबूचाच प्रकार, पण एका गोष्टीत उणा. चाळीतल्या लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे ठाऊक असायचे. म्हणून तर तो पुढच्या सुट्टीत ‘आता मला खरं राज्य द्या’ म्हणून भांडायचा. फोन त्याला हे सांगत नाही.

समोरचा माणूस आहे की संगणक, हे डावाआधी सांगावे. मोबाइलच्या कॅरममध्ये प्रतिस्पर्ध्याच्या स्ट्रायकरचे गुण दाखवावेत, आणि सर्वांचे स्ट्रायकर सारखे असतील असे एखादे टेबल नवख्यांसाठी कायम उघडे ठेवावे. यासाठी नवे तंत्र शोधावे लागणार नाही. विक्री थोडी घटेल, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.