गिअरबॉक्स खरेच गेला आहे का?

आखातात वर्षानुवर्षे ऑटोमॅटिक गाडी चालवलेला माणूस चिपळूण-रत्नागिरीकडे परतला की क्लच त्याला नकोसा होतो. मग दहा-बारा वर्षांची ऑटोमॅटिक दारात येते. एके सकाळी लिव्हर 'डी'वर टाकला तरी गाडी क्षणभर हलत नाही, मग हिसका देऊन निघते. गॅरेजवाला म्हणतो, "गिअरबॉक्स गेला, बदलावा लागेल." त्याने सांगितलेला आकडा कधी कधी गाडीच्याच किमतीला भिडतो. त्याला होकार देण्याआधी थोडी तपासणी करून घ्या.

पहिला प्रश्न : ऑटोमॅटिक कोणत्या प्रकारची? जुन्या आय-टेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा चार गिअरचा बॉक्स असे, काही होंडा सिटींमध्ये पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी. २०१४ साली सेलेरिओपासून आलेला एएमटी मुळात साधा मॅन्युअल बॉक्स. त्यात क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्यामुळे एएमटीने हिसके दिले तर बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते किंवा स्कॅनर लावून क्लचचे सेटिंग नव्याने करायचे राहिलेले असते. त्यासाठी अख्खा बॉक्स बदलायचा नसतो.

टॉर्क कन्व्हर्टरचा जीव तेलात. हे तेल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, नुसते वरून भरून भागत नाही. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर डिपस्टिक पाहतात. होंडात इंजिन बंद केल्यावर लगेच. डिपस्टिकच नसेल तर गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. चांगले तेल लालसर असते. काळपट आणि करपट वासाचे असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळू लागल्या आहेत. आणि ते रूह अफ्जा घातलेल्या दुधासारखे दिसले तर गाडी चालवूच नका : रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी तेलात मिसळले आहे.

गिअर बदलताना इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, ही घसरण. तेल कमी असेल किंवा प्लेटा झिजल्या असतील. 'डी'वर टाकल्यावर उशीर लागत असेल तर तेलाचा दाब कमी पडतो आहे. फक्त हिसका असेल तर सोलेनॉइड पाहाच, पण तुटलेले इंजिन माउंटिंग आणि घाण साचलेली थ्रॉटल बॉडीही पाहा. ही दोन कामे फार स्वस्तात होतात. लिव्हर 'पी'मधून निघतच नसेल तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का, ते घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. लागत नसतील तर दोष बहुधा ब्रेकच्या स्विचात किंवा फ्यूजमध्ये असतो.

गाडी एकाच गिअरात अडकली असेल तर कॉम्प्युटरने बचावासाठी तसे केलेले असू शकते. स्कॅनरवर 'पी ०७००' दिसले म्हणजे बॉक्स गेला असे नव्हे. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये दोष नोंदला आहे, एवढेच तो कोड सांगतो. खरा कोड तिथूनच वाचावा लागतो, आणि तो कधी साध्या सेन्सरचा किंवा वायरीचा निघतो.

तेल बदलताना कंपनीने सांगितलेलेच घाला. सीव्हीटीत चुकीचे तेल पट्टा खाऊन टाकते. खालचा बोल्ट काढून सगळे तेल उतरत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बदलावे. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना आतला पंप तेल फिरवत नाही. सपाट ट्रॉलीवर चढवूनच न्या.