हळदीचा गुण नेमका कशात?

वाशिम जिल्ह्यात, विशेषतः रिसोड भागात, पिकणारी हळद चिनी वैद्यकातही ‘ज्यांग ह्वांग’ या नावाने औषध मानली जाते. तिच्यातले द्रव्य शोधायला सुरुवात झाली ती रंगापासून. फोगेल आणि पेल्तिए या संशोधकांनी १८१५ मध्ये पिवळा पदार्थ वेगळा काढला. कुरकुमिन नावाच्या या पदार्थाच्या रेणूची रचना उलगडायला मात्र १९१० उजाडले. पुढे कळले, की हा रंग एकट्या कुरकुमिनचा नाही. कुरकुमिन धरून अशा पिवळ्या द्रव्यांची ती तीन भावंडे आहेत. आज पूड द्रावकात मुरवून अर्क काढतात आणि एचपीएलसी यंत्रात तिन्ही सुटी करून मोजतात. सुक्या हळदीत ती मिळून साधारण २ ते ५ टक्के भरतात.

खरे अवघड काम यानंतरचे, म्हणजे औषधी गुण पारखण्याचे. कुरकुमिन स्वतः चमकते, अनेक प्रथिनांना चिकटते. त्यामुळे प्रयोगात नसलेला गुणही दिसू शकतो, असा इशारा रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दिला. शिवाय ते पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट भारताने १९९७ मध्ये रद्द करवले, याचा अभिमान हवाच. पण तो निकाल ज्ञान जुने असल्याचा होता, औषध सिद्ध झाल्याचा नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कुरकुमिनची कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.