परकीय संपादन : व्होडाफोन–हचिसन व्यवहार

देशातील मोबाइल कंपनी परकीय कंपनीने घेतली, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय विकले गेलेले असते? मनोरे व ग्राहक जागच्या जागीच राहतात. बदलते ती भागभांडवलावरील सत्ता.

२००७ मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने हाँगकाँगच्या हचिसनकडून, मुंबईत मुख्यालय असलेल्या हचिसन एस्सारमधील नियंत्रक हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना मिळवला. (ग्राहकांना दिसले ते एवढेच, की जाहिरातींतील गुलाबी रंग जाऊन लाल आला.) प्रत्यक्षात विकला गेला तो केमन बेटांवरील एका कंपनीचा एकमेव समभाग. भारतीय कंपनीचा एकही समभाग थेट हस्तांतरित झाला नाही. मग भांडवली नफ्यावरील कर भारताला मिळावा काय? प्राप्तिकर खात्याने ११,००० कोटी रुपयांहून अधिक कर मागितला, तोही खरेदीदाराकडे. रक्कम चुकती करतानाच त्याने कर कापून घ्यायला हवा होता, ही खात्याची भूमिका. ती अगदीच निराधार नव्हती, कारण व्यवहाराचे सारे मोल भारतातील व्यवसायात होते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी दुरुस्ती करून असे जुने व्यवहार करपात्र ठरवले. ही पूर्वलक्षी आकारणी २०२१ मध्ये मागे घेण्यात आली.