जपून ठेवलेलं उघडतं का?

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली की घरात पहिलं वाक्य उमटतं, ‘सगळं गेलं!’ हे वाक्य अर्धंच खरं असतं. कॉम्प्युटरमधल्या वस्तू दोन जातींच्या असतात. काही आपण बाहेरून आणलेल्या असतात, जसं विंडोज, टायपिंगचा प्रोग्रॅम किंवा एखादा खेळ. त्या पुन्हा आणता येतात. काही आपण स्वतः घडवलेल्या असतात, जसे फोटो, पत्रं, हिशेब. त्यांची दुसरी प्रत आपण केली असेल, तरच ती जगात कुठेतरी शिल्लक असते. म्हणून जाणकार सांगतात, की बॅकअप ठेवा. सल्ला चांगलाच आहे. पण तो पुरेसा नाही. आपण जपून ठेवलेली वस्तू उघडायला पुष्कळदा ती बाहेरून आणलेलीच वस्तू लागते, आणि तीही नेमकी तीच, त्याच वेळची. हे मला नीट समजलं ते एका जुन्या विमानांच्या खेळामुळे.

माझे थोरले बंधू, अण्णा, हवाई दलात फिटर होते. विमान उडवण्याचं काम वैमानिकाचं आणि ते उडण्याजोगं ठेवण्याचं काम यांचं. नोकरी संपवून ते फलटणला आले, तेव्हा आयुष्यभर विमानाच्या पोटाखाली उभं राहिलेल्या या माणसाने स्वतः एकदाही विमान चालवलेलं नव्हतं. २००६ च्या अखेरीस ‘आयएल-२ स्टुर्मोविक : १९४६’ नावाचा खेळ बाजारात आला. पुढच्या वर्षी पुतण्याने तो घरी आणला, सोबत एक जॉयस्टिकही आणली. तेव्हापासून आमच्या संध्याकाळी हवेत जाऊ लागल्या. अर्थात भारनियमनाच्या वेळा सांभाळून. त्या काळी आमच्या भागात विमान उतरेपर्यंत वीज टिकणं हीसुद्धा एक कामगिरीच होती.

हा खेळ धडाधड गोळ्या मारण्याचा नव्हे. ओलेग मॅडॉक्स या रशियन निर्मात्याच्या चमूने त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये काढली. आयएल-२ हे दुसऱ्या महायुद्धातलं सोव्हिएत विमान. जमिनीवरच्या रणगाड्यांवर खालून जाऊन हल्ला करायचा, म्हणून त्याच्या इंजिनाभोवती आणि वैमानिकाभोवती पोलादी चिलखत असे. अशी छत्तीस हजारांहून अधिक विमानं बांधली गेली. लढाऊ विमानांत हा आकडा सर्वांत मोठा मानतात. खेळात त्याखेरीज इतर देशांची कितीतरी विमानं होती. अण्णांचं आवडतं होतं ते हरिकेन. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनने हीच विमानं वापरली होती. अण्णांच्या नोकरीआधीची ही गोष्ट, पण दलात ती सांगितली जायची.

हरिकेन धावपट्टीवर वेग घेऊ लागलं, की डावीकडे ओढलं जातं. पंख्याच्या फिरण्याचा तो परिणाम. मग उजवा रडर देऊन त्याला सरळ ठेवावं लागतं. खेळातही तसंच करावं लागे. अण्णा जॉयस्टिक हलकेच पिळायचे आणि म्हणायचे, “बघ, हे आम्ही खालून नुसतं बघायचो.”

या खेळात उड्डाणाची नोंद ठेवता येत असे. उतरल्यावर बटण दाबलं, की ते उड्डाण साठवलं जाई आणि नंतर पुन्हा पाहता येई. अण्णांची अशी तेवीस उड्डाणं आम्ही साठवली होती. २०१६ मध्ये अण्णा गेले. कॉम्प्युटर कोपऱ्यात तसाच राहिला. अधूनमधून चालू व्हायचा.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्याची हार्ड डिस्क बंद पडली. आधी टकटक असा आवाज आला, मग तोही थांबला. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये एक किंवा अधिक चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. म्हणजे साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कडा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पळत असते. तिच्यावर वाचणारं डोकं तबकडीला न टेकता हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. म्हणजे हेसुद्धा जमिनीलगतचं एक उड्डाणच. धुळीचा कण आला, धक्का बसला किंवा यंत्र झिजलं, की डोकं तबकडीवर घासतं आणि तिथली माहिती कायमची खरवडली जाते. टकटक येते ती बहुधा डोक्याला आपली जागा सापडत नाही म्हणून. अशा वेळी यंत्र पुनःपुन्हा सुरू करू नये आणि घरी उघडू तर मुळीच नये. ते उघडायला धूळमुक्त खोली लागते.

आमच्या बाबतीत सुदैव असं, की त्या तेवीस नोंदी एका पेन ड्राइव्हवर आणि एका सीडीवरही होत्या. म्हणजे बॅकअप होता. तेव्हा प्रश्न उरला तो फक्त दाखवण्याचा. अण्णांची नात तेव्हा दहा वर्षांची होती. आजोबा गेले तेव्हा ती फार लहान. तिला पाहायचं होतं, आबा विमान कसं चालवायचे ते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आम्ही साठवलेली नोंद ही चित्रफीत नव्हती. सिनेमात प्रत्येक क्षणाचं चित्र साठवलेलं असतं. या नोंदीत चित्र एकही नसतं. तिच्यात फक्त लिहिलेलं असतं, की अमुक क्षणी जॉयस्टिक इतकी डावीकडे, तमुक क्षणी इंजिनाची शक्ती इतकी. बाकी सगळं, म्हणजे विमानाचं वजन, वारा, पंखांवरचा दाब, हे खेळ त्या त्या वेळी पुन्हा गणित करून काढतो आणि दृश्य उभं करतो. म्हणून फाइल अगदी लहान राहते. त्या काळच्या डिस्कच्या मानाने ही मोठी सोय होती.

आमच्या शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाची परंपरा उभी केली. तिथल्या कुणाही खेळाडूला हे चटकन समजेल. बुद्धिबळाच्या डावाची नोंद म्हणजे डावाचं छायाचित्र नव्हे, ती चालींची यादी असते. नियम तेच असतील, तर पन्नास वर्षांनीही तो डाव पटावर जसाच्या तसा मांडता येतो. पण समजा, मधल्या काळात घोड्याची चाल बदलली! मग यादीतलं एक अक्षरही न बिघडता डाव भलतीकडेच जाईल.

विमानाच्या खेळात घोड्याची चाल खरंच बदलत असते. खेळ बाजारात आल्यावरही निर्माते त्यात दुरुस्त्या करतात. एखाद्या विमानाचा वेग खऱ्याहून जास्त वाटतो, म्हणून कमी करतात. एखादं वळताना जड वाटतं, म्हणून सुधारतात. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक असतो. आमची डीव्हीडी ४.०७ या क्रमांकाची होती. नंतर ४.०८ आली, मग ४.०९, आणि पुढेही बऱ्याच. खेळणाऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणाच असते. पण जुन्या नोंदीच्या दृष्टीने प्रत्येक सुधारणा म्हणजे बदललेला नियम.

ते आम्हाला डोळ्यांनी दिसलं. प्रथम पुतण्याने आपल्या नव्या लॅपटॉपवर याच खेळाची नंतरची, सुधारलेली आवृत्ती बसवून एक नोंद लावून पाहिली. विमान धावपट्टीवर निघालं, थोडं डावीकडे गेलं, सावरलं आणि उडालं. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं ठीक दिसत होतं. मग ते हळूहळू वाट सोडू लागलं. आकाशात उजवीडावीकडे काहीच नसल्यामुळे ते लगेच कळत नव्हतं. कळलं ते उतरताना. अण्णांच्या हाताने दिलेल्या आज्ञा त्याच होत्या, पण विमान त्या जागी नव्हतं. धावपट्टीच्या अलीकडेच ते जमिनीवर आदळलं.

“आबा पडले?” नातीने विचारलं.

खरं म्हणजे आबा पडले नव्हते. पण पडद्यावर ते पडताना दिसले होते. फाइल शाबूत होती, तिच्यातला एकही अंक बदलला नव्हता, आणि तरीही ती खोटं सांगत होती. हरवलेल्या वस्तूपेक्षा हे मला अधिक लागलं. हरवलेली वस्तू निदान गप्प बसते.

तेव्हा ठरवलं, की जुना कॉम्प्युटरच उभा करायचा. त्याच्या जोडणीची डिस्क आता नवी सहसा मिळत नाही. एका दुरुस्तीवाल्याने जुन्या यंत्रातली एक काढून, तपासून दिली. त्यावर विंडोज एक्सपी चढवलं. त्याला मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये आधार देणं थांबवलं आहे, म्हणून तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला नाही. मग क्रमाने मदरबोर्डचे ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, डायरेक्टएक्स, त्यानंतर खेळ आणि शेवटी जॉयस्टिकची जुळणी. घर बांधताना पायाआधी छप्पर घालता येत नाही, तसाच हा क्रम.

जुन्या खेळांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. नक्कल होऊ नये म्हणून त्या काळी बऱ्याच खेळांच्या सीडीवर सेफडिस्कसारखी कुलपं घातलेली असत. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणावरून ते कुलूप चालवणं बंद केलं. त्यामुळे रीतसर विकत घेतलेली सीडी हातात असूनही कित्येक खेळ नव्या कॉम्प्युटरवर सुरू होत नाहीत. जुनं यंत्र जपण्याला त्यामुळेही अर्थ आहे.

आता कळीचा प्रश्न होता, की ती उड्डाणं कोणत्या आवृत्तीत नोंदवली होती? याचं उत्तर कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. ते एका दोनशे पानी वहीत होतं. हवाई दलात प्रत्येक विमानाचा फॉर्म ७०० असतो. विमानाला काय झालं, काय बदललं, कुणी तपासलं, हे त्यात लिहून सही केल्याशिवाय विमान उडत नाही. अण्णांची ती सवय गेली नव्हती. त्यांनी खेळाचीही वही ठेवली होती. तारीख, विमान, हवामान, किती वेळ, उतरणं कसं झालं. आणि मध्येच लाल शाईत एक ओळ : ‘आज ४.०८ बसवले.’ त्या ओळीनंतरची उड्डाणं एकोणीस, आधीची चार.

चार उड्डाणांसाठी डीव्हीडीतली मूळ आवृत्ती पुरली. ४.०८ ची दुरुस्ती एका घरी भरलेल्या सीडीवर होती. कारखान्यातल्या सीडीवर माहिती साच्याने उमटवलेली असते. घरी भरलेल्या सीडीवर मात्र ती रंगद्रव्याच्या थरावर लेझरने उमटते आणि ऊन, उष्णता यांनी तो थर खराब होतो. फलटणच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. एका ड्राइव्हने ती सीडी नाकारली, दुसऱ्याने घेतली. दुरुस्ती बसली.

नात शेजारी बसली होती. हरिकेन निघालं, डावीकडे ओढलं गेलं, सावरलं. पंधरा मिनिटांनी ते धावपट्टीसमोर आलं, जमिनीला टेकलं, एक टप्पा घेऊन पुन्हा टेकलं आणि थांबलं. वहीत त्या तारखेपुढे लिहिलं होतं, ‘उतरताना एक उसळी.’ मग पुतण्याने तेवीसही उड्डाणं पडद्यावर चालवून त्यांची साधी चित्रफीत करून ठेवली. आता ती मोबाइलवरही दिसते.

हा प्रश्न फक्त खेळाचा नाही. १९८६ मध्ये बीबीसीने ब्रिटनचं मोठं लोकचित्र तयार करून लेझर डिस्कवर साठवलं. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या पाहणीला नऊशे वर्षं झाली, त्यानिमित्ताने. नऊशे वर्षांपूर्वीचा चामड्यावरचा ग्रंथ आजही वाचता येतो. ती डिस्क मात्र पंधरा-सोळा वर्षांतच वाचणं अवघड झालं, कारण तिची यंत्रंच दुर्मीळ झाली. संशोधकांना त्या यंत्राची नक्कल नव्याने लिहावी लागली. आपल्याकडे हे दुःख जुनं आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद प्रचंड संख्येने आहेत, पण मोडी वाचणारे थोडे. कागद जगला आणि वाचणारा गेला, तर कागद मुका होतो.

आणि तुमच्या घरातही हे असेल. २००० च्या आसपास श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली एखादी मराठी फाइल आज उघडून बघा. तो फॉन्ट नसेल, तर वडिलांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. फाइल गेलेली नाही. तिचा अर्थ ज्या फॉन्टमध्ये होता, तो गेला आहे.

म्हणून जे जपायचं, त्याच्यासोबत तीन गोष्टी ठेवाव्यात. एक, मूळ फाइल, निदान दोन वेगळ्या जागी. दोन, ती उघडणारा प्रोग्रॅम किंवा फॉन्ट, त्याच्या आवृत्तीसह. तीन, एक साधा कागद : हे काय आहे, कधीचं आहे, कशाने उघडतं. त्याखेरीज, उघडतंय तोवरच त्याचं साध्या, सर्वत्र चालणाऱ्या रूपात रूपांतर करून घ्यावं. जुनं पत्र युनिकोडमध्ये न्यावं, त्याची छापील प्रत काढावी. नोंदीची चित्रफीत करावी. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवरासावरीत, हे सगळं प्रत्यक्ष उघडून पाहावं.

आमच्याकडे ही तपासणी आता नातीकडे आहे. अण्णांच्या वहीत उरलेली पानं होती, त्यांवर ती तारीख घालते, काय उघडलं ते लिहिते आणि खाली सही करते.